हवा बरोबर नाही

साक्षगंधाला दीड तास उरला होता आणि अंजनाला एकाच गोष्टीची धास्ती होती. आज नवऱ्याच्या हातात कोणी मोबाइल देऊ नये.

बाकी सगळं तिच्या काबूत होतं. सासऱ्यांच्या गावच्या घरी, मागच्या अंगणात चिन्नोर तांदळाच्या भाताला वाफ धरली होती. खैरलांजीहून आलेल्या आचाऱ्यानं बुंदीचा घाणा संपवून वांग्याच्या भाजीला हात घातला होता. मांडवात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हार चढले होते, मेणबत्त्या लावायच्या तेवढ्या बाकी होत्या. सासरे पुनाराम सकाळी सातपासून पांढराशुभ्र सदरा घालून पहिल्या खुर्चीवर बसले होते आणि दर पाच मिनिटांनी "आले का गोंदियावाले?" म्हणून विचारत होते. थोरली ज्योत्स्ना आत पांढरी साडी नेसून तयार होती. साक्षगंध म्हणजे साखरपुडा, आणि तो तिचा होता.

धास्ती होती ती मधलीची.

संघमित्रा, म्हणजे घरातली मितू, सप्टेंबरपासून चार महिने पुण्याला कॉम्प्युटरच्या कोर्सला होती. कोर्स खरा होता, सर्टिफिकेटही खरं होतं. शनिवार-रविवारी ती कुठं असते हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या महिन्यात चुकून व्हिडिओ कॉल लागला आणि अंजनानं पाहिलं, तर पोरीच्या पाठीमागं भिंत नव्हती. नुसतं आभाळ होतं. मितू कामशेतच्या डोंगरावर पॅराग्लायडिंग शिकत होती. अंजनाच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं अट घातली, उडायच्या आधी फोन करायचा आणि उतरल्यावर फोन करायचा. तेव्हापासून दर शनिवारी ती मोबाइल समोर ठेवून तांदूळ निवडत बसायची. एका शनिवारी तिनं तेच तांदूळ तीनदा निवडले.

राजेंद्रला तिनं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत जानेवारी संपत आला. आता तर हिमाचलच्या एका शाळेचं पत्र आलं होतं. तिथं उडणं शिकवतात, आणि मितूला मार्चपासून शिकाऊ मदतनीस म्हणून बोलावलं होतं. ते पत्रही मोबाइलमध्येच होतं.

काल बालाघाटहून निघताना मितूची गादीएवढी पिशवी राजेंद्रनं स्वतः जीपच्या टपावर चढवली. "किती पुस्तकं आणली व मितू?" म्हणत त्यानं जोर लावला आणि पिशवी अंदाजापेक्षा पटकन वर गेली. "लय हलकी आहेत तुही पुस्तकं!"

"डिजिटल आहेत, बाबा," मागून धाकटा मोहित म्हणाला.

अंजनानं तेव्हा पदर तोंडात धरला होता. पिशवीत पंचवीस हात लांब कापडी पंख होता, गावाला सराव करीन म्हणून मितूनं सोबत घेतलेला.

"आले, आले!" पुनारामांनी काठी आपटली. रस्त्यावर दोन गाड्या थांबल्या होत्या.

*

मुलाचं नाव हेमराज. वीज कंपनीत लाइनमन, अंगानं सडपातळ, हसला की सगळे दात दाखवणारा. त्याच्यापुढं त्याची आई विमलाबाई चालत होती. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली ही बाई फारसं बोलत नसे, पण तिनं मांडवावर एक नजर टाकली आणि आचाऱ्यानं उगाचच भांडं झाकलं.

जय भीम झाले. सगळे बसले. मितू पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली. हेमराजनं पेला उचलला, तिच्याकडं पाहिलं आणि पेला तसाच हवेत राहिला.

"तुमी... उडती मितू होय ना?"

ट्रेमधले पेले किणकिणले.

"कोन उडती?" राजेंद्रनं विचारलं.

"बापा! मी फॉलोअर आहो ना तुमचा!" हेमराज उठून उभाच राहिला. "आमच्या लाइनचे सगळे पोट्टे पाह्यतेत. ते डोंगरावरून उडी मारल्यावर पोटात गोळा येते, ते वालं तर मी वीसदा पाह्यलं. मले काय माहीत, माही सालीच आहे म्हणून! मामाजी, तुमी पाह्यलं असंलच."

आणि कोणी हात पकडायच्या आत त्यानं मोबाइल राजेंद्रच्या तळहातावर ठेवला.

राजेंद्र मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत ब्लास्टर होता. सत्तावीस वर्षं तो दगडात बारूद भरून उडवत होता. आत्ता त्यानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. पडद्यावर दोन बूट होते. ते बूट त्यानंच बालाघाटच्या बाजारातून घेऊन दिले होते. बुटांच्या खाली काहीच नव्हतं. खूप खाली मेथीच्या जुड्यांसारखी झाडं, दोरीएवढा रस्ता, आणि मितूचा आवाज. "जय भीम दोस्तों! आज हवा बारह की है, और अपना पेट खाली है!" मग ती हसली. असं खळखळून हसताना त्यानं तिला कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

"हे कधीचं आहे?"

"दिवाळीनंतरचं," दारातून ज्योत्स्ना म्हणाली आणि जीभ चावली.

राजेंद्रनं मान वळवली. "तुले माहीत होतं?"

ज्योत्स्नानं साडीच्या काठाकडं पाहिलं.

"मोहित?"

"मी त फक्त एडिटिंग करतो, बाबा."

"अंजना?"

अंजनाला वाटलं, आता भूकंप व्हावा. झाला नाही. "मी... मी तिले सांगतलं होतं, जेवून उडत जा म्हणून."

राजेंद्रनं शेवटी आपल्या बापाकडं पाहिलं. पुनारामांनी कानावर हात ठेवला. "मले ऐकू नाही येत गा."

"आबाजी!" राजेंद्रचा आवाज चढला.

"पन दिसते चांगलं. तिसरा व्हिडिओ मस्त आहे. त्याच्यात एक घार येते तिच्या बाजूनं."

गोंदियाकडच्या पाहुण्यांतून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मोहितनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. राजेंद्र मधोमध उभा होता, हातात परक्याचा मोबाइल, डोक्यावर मांडवाच्या झिरमिळ्या. साऱ्या कुटुंबात ठाऊक नसलेला एक तोच काय तो राहिला होता.

"हसा!" तो ओरडला. "सत्तावीस वर्षं मी बारूद भरून राह्यलो. काहून? तुमी शिकाले पायजे म्हणून. तुमाले असं जीव टांगून राहावं लागू नये म्हणून! मी पोटासाठी जातो खाणीत. अन् ही हौसेनं जाते मराले!"

"मराले नाही जात, बाबा."

"मग काहून जाते?"

मितूनं ट्रे खाली ठेवला. "तुमी जाता त्याच्यासाठीच."

"म्हंजे?"

"तुमी नुसते पोटासाठी नाही जात. सुट्टीत चार दिवस घरी राह्यले की पाचव्या दिवशी आईवर चिडचिड करता. अन् ब्लास्टची गोष्ट सांगाले लागले की जेवन थंडं होते तुमचं. सायरन झाला, लाल झेंडे लागले, सगळे मांगं सरले, अन् मी एकटा... असं सांगता ना? तेव्हाचे तुमचे डोळे पाह्यले मी. लहानपनापासून पाह्यले."

अंजनानं नवऱ्याकडं पाहिलं. सव्वीस वर्षांच्या संसारात हे तिला ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं.

"हौस त मोहितले पन आहे, पन त्याची फटफटी जमिनीवर चालते," राजेंद्र म्हणाला, पण जोर नव्हता.

"मोहित बैहरच्या घाटात हात सोडून चालवते, बाबा. डोक्यावर काही नसते अन् मांगं दोन दोस्त बसले असतेत. माह्या डोक्यावर हेल्मेट आहे, पाठीशी दुसरी छत्री आहे, अन् हवा बरोबर नसली त मी जमीन सोडत नाही. यात कोन मराले जाते, तुमीच सांगा."

"दीदी!" मोहित कळवळला. "माहं काहून काढते मधात?"

"तुले पन विचारीन मी," राजेंद्र गुरगुरला. "घरी गेल्यावर."

*

विमलाबाईनं पेला खाली ठेवला आणि ज्योत्स्नाला खुणेनं जवळ बोलावलं. ज्योत्स्ना आली. इतकं चांगलं स्थळ, इतका हसरा मुलगा, आणि मितूच्या बुटांपायी सगळं जाणार.

"तू पन उडते काय व?"

"नाही जी. मले शिडीवर चढलं तरी भोवळ येते."

"मग बहिनीले काहून नाही अडवलं?"

ज्योत्स्ना तयार केलेली सगळी उत्तरं विसरली. तोंडातून निघालं ते वेगळंच होतं. "कोन्या तोंडानं अडवू जी? ती दहादा हवा मोजते अन् मग उडते. मी त एक फोटो पाह्यला, दोनदा चहा पेला, अन् साऱ्या जन्माची उडी माराले बसली."

मग हेमराज इतक्या जोरात हसला की त्याची खुर्ची मागं कलंडली. पुनारामांना ऐकू येत नव्हतं, तरी तेही हसले. ज्योत्स्नानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

विमलाबाई हसली नाही. "साक्षगंध थांबवा," ती म्हणाली.

अंजना पुढं धावली. "समधीनबाई, पोट्टी बोलून गेली जी..."

"थांबवा म्हंजे मोडा नाही म्हटलं. मी कोन्या घरात सोयरिक करून राह्यली, हे मले पाहू द्या. पोरगी, तुहा तो पंख इथं आहे काय?"

"आहे जी," मितू म्हणाली.

"कुठं आहे?" राजेंद्रनं विचारलं.

"पुस्तकांत," मोहित म्हणाला.

*

गाव निघालं. साक्षगंधाला आलेली साठ-सत्तर माणसं शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून एका रांगेत टेकडीकडं चालली, आणि वाटेतल्या घरांतून आणखी तेवढीच सामील झाली. पुनारामांची खुर्ची दोघांनी उचलली होती आणि त्यांनी उतरायला साफ नकार दिला होता. आचारी हातात झारा घेऊनच आला. धान कधीच कापून झालं होतं. भातखाचरांच्या बांध्या उघड्या पडल्या होत्या, पायाखाली खुंटं करकरत होती. पलीकडं पन्नास-साठ हात उंचीची बोडकी टेकडी, तिचा उतार थेट पुनारामांच्या शेतात उतरत होता. लहानपणी मितू याच उतारावरून पोत्यावर बसून घसरायची.

ज्योत्स्ना साडी सावरत मागं राहिली. हेमराजही मागं राहिला.

"रागावले काय जी तुमी?" तिनं विचारलं.

"कायले? खरंच त बोलली तू." तो थोडा वेळ खुंटं चुकवत चालला. "मी रोज खांबावर चढतो. पन वर गेलो की नजर वायरवरच राह्यते. कधी आजूबाजूले पाह्यलंच नाही. हिचे व्हिडिओ पाह्यले अन् एक दिवस मी वरून पाह्यलं. आमच्या गावचा तलाव केवढा दिसते वरून! मायले नोको सांगू."

ज्योत्स्नानं ठरवून टाकलं. साक्षगंध होवो न होवो, हाच.

टेकडीच्या माथ्यावर मोहितनं फोन उंच धरला होता. "दोस्तों, लाइव्ह आहे! इस गांव के इतिहास में पहली बार! दीदी, हात हलव. दोनशे लोक पाहून राह्यले!"

मितूनं पिशवी उघडली नाही. खांद्याला लावलेल्या छोट्या थैलीतून तिनं मुठीएवढं एक यंत्र काढलं, त्यावर इवलीशी फिरकी होती. ती तिनं वर धरली आणि हवेच्या वेगाचे आकडे वाचू लागली, ताशी किलोमीटरमध्ये. चौदा. तेरा. मग उताराखालून गरम झोत आला, तिच्या ओढणीचं टोक उलटं झालं. चोवीस. पुन्हा बारा. पुन्हा बावीस.

ती खाली बसली. थोडं वाळकं तनस, भाताचा पेंढा, उडवून पाहिलं. तनस पुढं गेलं, थबकलं, आणि डावीकडं वळलं. पाच मिनिटं गेली. मग दहा.

"दीदी, तीनशे बारा झाले," मोहित म्हणाला.

"हवा बरोबर नाही," मितू म्हणाली. "उडता येत नाही."

"काय?"

"दुपारची जमीन तापली आहे. हवा तुकड्यातुकड्यानं येऊन राह्यली. नाही उडत मी."

खाली पसरलेल्या गर्दीतून एक मोठा "अर्रर्र" उठला. मग सगळे एकदम बोलू लागले.

"एवढे लोक आले ना व माय!" खुर्चीवरून पुनाराम म्हणाले.

"थोडंसंच उड. झाडाएवढं," आचारी म्हणाला.

"दीदी, इज्जत का सवाल आहे. चारशे झाले!"

"कामशेतले त याच्यापेक्षा उंचावरून उडत होती ना?" हेमराजच्या चुलत्यानं टोमणा मारला. "का ते व्हिडिओ खोटे होते?"

मितूचे कान लाल झाले. तिनं विमलाबाईकडं पाहिलं. त्या बाईचा चेहरा दगडासारखा होता. मग मितूनं ज्योत्स्नाकडं पाहिलं, पांढऱ्या साडीत, अंगठीविना उभ्या बहिणीकडं.

अंजना गर्दी सारून माथ्यावर आली. लेकीचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "मितू, ज्योतीचं पाह्य व. एक डाव उडून दे ना. एकच."

आणि स्वतःचेच शब्द कानावर पडल्यावर तिनं हात सोडला. इतके शनिवार जी बाई तांदूळ निवडत बसली होती, तीच आता पोरीला म्हणत होती, उड.

"नाही, आई," मितू म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "जय भीम सांगून फोन बंद कर, मोहित."

राजेंद्र उतारावर थोडा बाजूला उभा होता. त्याला एका वर्षीचा जुलै आठवला. खाणीच्या खड्ड्यात बारूद भरलेले एकशे दहा होल तयार होते. डंपर रांगेत, माणसं मागं सरलेली, सायरन झालेला. आणि बैहरच्या बाजूला, फार दूर, एकदा वीज चमकली. वीज पडली तर भरलेली बारूद केव्हाही उडते. त्यानं हात वर केला आणि सगळं थांबवलं. पाऊण तास सारी खाण त्याच्या हाताकडं पाहत उभी होती. कुणी घड्याळ पाहत होतं, कुणी पुटपुटत होतं. ती वीज परत चमकली नाही. पाऊसही आला नाही. दुपारभर लोक त्याची थट्टा करत होते, आणि तो डबा उघडून शांतपणे जेवला होता.

तो टेकडी चढून लेकीजवळ गेला. "ते आकडे दाखव."

तिनं यंत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं ते डोक्यावर धरलं. अकरा. एकवीस. तेरा. सव्वीस.

"किती पायजे?"

"पंधराच्या आत. अन् एकसारखी. थोडी जास्त असली तरी एक वेळ चालंल, पन अशी उड्या मारनारी नाही चालत."

"अन् तरी उडली असती त?"

"कदाचित काहीच नसतं झालं."

राजेंद्रनं यंत्र खाली केलं. आपल्याला हसू येतंय हे त्याला उशिरा कळलं. "भीती वाटते काय तुले?"

"दरवेळी. जमीन सोडेपर्यंत. मग वर गेल्यावर डोक्यात दुसरं काहीच उरत नाही. परीक्षा नाही, नोकरी नाही, लोक काय म्हनतीन ते नाही. हवा काय म्हनते तेवढंच ऐकू येते. त्या वेळेले, बाबा, मी जेवढी शुद्धीत असतो ना, तेवढी घरी कधीच नसतो."

राजेंद्रनं यंत्र तिच्या हातात परत दिलं. तो गर्दीकडं वळला आणि खाणीतल्या आवाजात ओरडला, "चला! मांडवात चला सगळे! कोनी उडत नाही आज."

"पन बाबा," मोहित रडकुंडीला आला होता, "पाहा ना, काही वादळ आलं काय? काहीच त नाही झालं!"

"नाही झालं ना? मग झालं त. माही सत्तावीस वर्षांची नोकरी हीच आहे गा, काही नाही होऊ देनं." त्यानं पोराच्या हातातला फोन घेऊन बंद केला. "अन् आजपासून फटफटीची चाबी माह्याजवळ राहीन. हेल्मेट घेऊन येजो, मंग मांगजो."

विमलाबाई धुऱ्यावर उभी होती. मितू खाली उतरली तशी ती पुढं झाली.

"एवढे लोक मांगं लागले, तरी नाही म्हटलं तू."

"हौ जी. माफ करा."

"माफ कायले? हा रोज खांबावर चढते." तिनं हेमराजकडं हनुवटी उडवली. "चढाच्या आंधी लाइन बंद आहे का नाही ते स्वतः पाह्यत जा, मी रोज सांगतो. हौ माय, पाह्यतो, म्हनते. अन् मंग साहेबाचा फोन आला, गाववाले ओरडले, त न पाह्यता चढते. मले समजत नाही असं वाटते त्याले."

हेमराजचे सगळे दात एकदम दिसेनासे झाले.

"अशी बहीन ज्या घरात आहे, त्या घरची पोरगी पायजे मले," विमलाबाई म्हणाली. "ती याले 'नाही' म्हनाले शिकवीन. चला, अंगठ्या काढा."

आचारी झारा उंचावून ओरडला, "भाजी करपली!" आणि सगळं गाव धुऱ्यावरून उलट पावली पळत सुटलं. पुनारामांच्या खुर्चीवाल्यांनी तर शर्यतच लावली.

*

त्रिशरण-पंचशील झालं. अंगठ्या झाल्या. करपलेली वांगी लोकांनी मागून मागून खाल्ली आणि वरून दोन दोन मुठी बुंदी. पंगतीत मितूनं स्वतःच बापाच्या हातात मोबाइल दिला; हिमाचलच्या शाळेचं पत्र त्यानं दोनदा वाचलं आणि आणखी भात वाढून घेतला. ऊन तिरपं झालं, तनसाच्या ढिगांच्या सावल्या लांबल्या, आणि चार-साडेचारच्या सुमारास मितूनं अंगणात येऊन यंत्र वर धरलं.

"आठ," ती म्हणाली. "एकसारखी."

"म्हंजे आता उडते?" अंजनानं विचारलं.

"उडत नाही. खेळतो. टेकडीवर नाही, खालीच बांधीत. पंख हवेत उभा करून धरतेत, तशी प्रॅक्टिस असते. कोनाले पायजे त्यानं या."

पाच मिनिटांत रांग लागली.

बांधीत पंख पसरला. निळा आणि पिवळा, एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत. मितूनं पट्टे कंबरेला बांधले, दोऱ्या हातात घेतल्या, दोन पावलं मागं गेली, आणि सगळं कापड सळसळत उठून तिच्या डोक्यावर उभं राहिलं. पुनारामांनी दोन्ही हात जोडले.

पहिला नंबर हेमराजचा. तो पंखाला ओढत गेला की पंख त्याला, हे कुणालाच ठरवता आलं नाही. तनसाच्या ढिगात जाऊन पडला आणि तिथूनच त्यानं ज्योत्स्नाला हात हलवला. मोहितनं हेल्मेट घातलं, पट्टा स्वतःच दोनदा ओढून पाहिला, आणि कुणी पाहतंय का हे मात्र तिसऱ्यांदा पाहिलं.

मग बांधीत थोडी जागा झाली आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की पुढं राजेंद्र उभा आहे. साक्षगंधाचा इस्त्रीचा कुरता, डोक्यावर पिवळं हेल्मेट.

"बाबा, तुमी?"

"बांध."

मितूनं त्याच्या मांड्यांना, कंबरेला, छातीला पट्टे आवळले. प्रत्येक बकल तिनं लावलं आणि हातानं ठोकून पाहिलं. त्यानं खाली पाहत तिची बोटं मोजली, काही विसरते का ते पाहिलं. विसरली नाही.

"मी समोरून धरून राहीन. म्हटलं की मांगं चला. दोरीले झोंबू नोका. हवा काय सांगते ते पाहा."

"मले नोको शिकवू," तो म्हणाला आणि मागं चालू लागला.

पंख उठला. राजेंद्रला खांद्यावर एक ओढ जाणवली, कुणीतरी काखेत हात घालून उचलावं तशी. तो चवड्यांवर आला. अंजना किंचाळली. मितू पट्ट्यांना लोंबकळली होती, हसत होती, "सोडा, सोडा, डावा हात ढिला सोडा!" आणि तेवढ्यात त्याचे पाय खुंटांवरून सुटले.

वीतभरच. फार तर दीड वीत. पण सत्तर किलोचा तो माणूस जमिनीला लागलेला नव्हता. आणि मग सगळ्या गावानं एक आवाज ऐकला जो अंजनानंही लग्नाआधी एकदा, जत्रेतल्या पाळण्यात, ऐकला होता. राजेंद्र खिदळत होता. तोंड उघडं टाकून, डोळे घट्ट मिटून, लहान पोरासारखा खिदळत होता.

मग पंख हळूच बाजूला कलला आणि तो खुंटांत बसला. निळंपिवळं कापड त्याच्यावर येऊन पडलं. मितू आणि अंजना दोन्हीकडून धावल्या, कापड उचललं. तो तसाच बसला होता, कुरत्याची बाही फाटलेली, हेल्मेट कानावर, डोळ्यांतून पाणी.

"लागलं काय जी?" अंजनानं विचारलं.

त्यानं मान हलवली. मग लेकीकडं पाहत म्हणाला, "मार्चात तिकडं हिमाचलले थंडी असते काय व?"

मितू बापाचा हात धरून खुंटांत बसली. अंजनाला कळेना, रडावं की हसावं, म्हणून ती दोन्ही करू लागली.

तेवढ्यात त्यांच्या अंगावर एक सावली पडली. विमलाबाई लुगड्याचा पदर कंबरेला खोचून, चपला काढून उभी होती. राजेंद्रच्या डोक्यावरचं हेल्मेट तिनं काढून काखेत धरलं.

"समधीबुवा," ती म्हणाली, "थंडीचं घरी जाऊन पुसा. आंधी ते पट्टे सोडा. माहा नंबर आहे."